काच आधी, छत नंतर

गाडीचं छत उतरवायचं म्हटलं की बघ्यांचं सगळं लक्ष कटरकडे जातं. पिलर कापले जातात, चार जण मिळून छत उचलून बाजूला ठेवतात, मधली तीन इंचांची पट्टी काढून टाकली की तेच छत पुन्हा खाली बसतं आणि गाडीचा तोराच बदलतो. फोटो निघतात ते याच कामाचे. त्यानंतर गाडी ताडपत्रीखाली पडून राहते, आणि बहुतेक वेळा ती काचेपायीच. सुरुवातीला कुणी तरी विचारलेलं असतं, ‘पण काचेचं काय?’ त्यावर उत्तर ठरलेलं असतं, ‘होईल हो भाऊ, ते नंतर बघू.’ या ‘नंतर’मध्येच ग्यानबाची मेख आहे. पत्रा कमी पडला तर जोड देता येतो, जास्त झाला तर छाटता येतो, चुकला तर लांबी भरून झाकताही येतो. काचेपुढे यातली एकही युक्ती चालत नाही. म्हणून छत किती उतरवायचं हा प्रश्न खरं तर टिंकरच्या अखत्यारीतला नाहीच. तो काचवाल्याला आधी विचारायचा प्रश्न आहे.

पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे दोन तालुके या प्रश्नाकडे बघायला सोयीचे आहेत, कारण मोटारधंद्याची दोन्ही टोकं इथे एकाच पट्ट्यात सापडतात. शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत फियाटचा कारखाना आहे. तिथे २०१७ पासून जीप कंपास तयार होते आणि २०२१ पासून रँग्लरची जुळणीही होते. शिक्रापूरहून चाकणचा रस्ता धरला की पुढे कुरुळीला सेंट-गोबेन सेक्युरिटचा गाड्यांच्या काचांचा कारखाना लागतो. दुसऱ्या टोकाला न्हावरे, चौफुला, पाटस, कुरकुंभ अशा नाक्यांवरचं जग आहे: वेल्डिंगची दुकानं, डेंटिंग-पेंटिंगच्या शेड, ट्रॉल्या बांधणारे कारागीर, उसाच्या हंगामाआधी ट्रॅक्टरला केबिन चढवून देणारे मिस्त्री. एका टोकाला एकाच मापाच्या काचा अखंड निघतात, दुसऱ्या टोकाला एकाच गाडीपुरती एकच काच हवी असते. या दोन टोकांमधलं अंतर रस्त्याने तासाभराचं असलं तरी धंद्याच्या हिशेबाने फार मोठं आहे.

ते अंतर का आहे हे समजायला काचेच्या दोन जाती नीट ओळखाव्या लागतात. दरवाजाची आणि मागची काच सहसा टफन्ड असते. साधी काच आधी मापात कापतात, कडा घासतात, भोकं पाडायची असली तर पाडतात, आणि मग ती साधारण ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून वाऱ्याच्या झोतांनी झपाट्याने थंड करतात. बाहेरचा थर आधी गोठतो, आतला नंतर आकसतो. त्यामुळे पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. हा तोल आहे तोवर काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. हिऱ्याने किंवा ग्राइंडरने तो एका जागी मोडला की सगळी काच एकदम बोथट तुकड्यांत विखुरते. म्हणजे टफन्ड काच ‘थोडीशी छाटून’ देणारा कारागीर जगात कुठेही नाही. कुणी देतो म्हणत असेल तर त्याच्याकडची काच टफन्ड नाही. फ्रान्सच्या रोये द ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून कडक करण्याचं पेटंट १८७४ मध्ये घेतलं, तेव्हापासून ही अट तशीच आहे.

पुढची काच लॅमिनेटेड. दोन पातळ काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पडदा, साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा. फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. एदुआर बेनेदिक्तूस या फ्रेंच रसायनतज्ज्ञाच्या हातून १९०३ मध्ये एक काचपात्र पडलं, तडकलं, पण आतल्या वाळलेल्या थरामुळे विखुरलं नाही, अशी याची जन्मकथा सांगतात. पेटंट १९०९ चं. आपल्याकडच्या जुन्या पद्मिनी-ॲम्बेसेडरच्या काळात पुढची काचही टफन्ड असायची. खडा लागला की ती क्षणात दुधी व्हायची आणि चालकाला बुक्कीने भोक पाडून रस्ता बघावा लागायचा, हे त्या पिढीतल्या ड्रायव्हरांना आठवत असेल. नव्वदच्या दशकातल्या नियमांनी पुढची काच लॅमिनेटेड सक्तीची केली. छत उतरवणाऱ्याच्या दृष्टीने यातली चांगली बाब एवढीच की लॅमिनेटेड काच कापता येते. सपाट असेल तर बऱ्यापैकी सहज. दोन्ही बाजूंनी एकाच रेषेवर हिरा ओढायचा, हलक्या हाताने दोन्ही काचा तडकवायच्या, मग चिरेत स्पिरिट सोडून किंवा ऊब देऊन मधला पडदा मऊ करायचा आणि पातळ पात्याने चिरायचा. शेवटी कड पाण्याखाली घासून गुळगुळीत करायची. कड खडबडीत राहिली तर पुढच्या उन्हाळ्यात तिथूनच तडा निघतो, आणि उघडी राहिली तर पडद्यात ओल शिरून कडेला दुधी पट्टा दिसू लागतो. हे सपाट काचेबद्दल झालं. वक्र काचेवर दोन्ही बाजूंच्या रेषा तंतोतंत जुळवणं अवघड, दाब सगळीकडे सारखा देणं त्याहून अवघड. कसबी माणूस रेतीच्या झोताने किंवा ग्राइंडरने कणाकणाने घासत उतरवतो, आणि तरीही शेवटच्या इंचात काच जाऊ शकते. त्यामुळे अशा कामाला बसण्यापूर्वी दुसरी काच हाताशी ठेवतात.

मग चाकणला जाऊन हव्या मापाची नवीच का करून घेऊ नये? कारण वक्र काचेला साचा लागतो. काच तापून मऊ होते तेव्हा ती ज्यावर बसते किंवा ज्यात दाबली जाते, तो साचा त्या एकाच आकाराचा असतो. हजारो नगांवर त्याचा खर्च पसरला की दर काचेमागे किरकोळ पडतो. एका नगासाठी तो कुणी बनवत नाही. पुणे जिल्ह्याचं काचेशी नातं जुनं आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर पैसा पैसा जमवून उभ्या केलेल्या पैसा फंडाचा तळेगावचा काच कारखाना १९०८ चा, आणि त्याच पिढीच्या स्वदेशीतून पुढे कराडजवळ ओगलेवाडी उभी राहिली. पण ती कंदिलांच्या चिमण्यांची आणि बाटल्यांची काच. तिथला कारागीर फुंकणीने एकेक नग वेगळा घडवू शकत होता. गाडीच्या काचेला ती मुभा उरलेली नाही. घर-दुकानांसाठी टफन्ड काच करणाऱ्या भट्ट्या पुण्याच्या आसपास आहेत आणि त्या एखादा नगही करून देतात, पण सपाट. हे ‘सपाट’ लक्षात ठेवावं. पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे.

आता छताच्या भूमितीकडे. जुन्या चौकोनी गाडीचे पिलर जवळजवळ उभे असतात. मधून तीन इंच काढले की वरचा भाग सरळ खाली येऊन खालच्यावर बसतो, आणि सगळ्या काचांची उंची तीन इंचांनी कमी होते, बस. उत्तर अमेरिकेतल्या हौशी पोरांनी १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या कोरड्या तळ्यांवर शर्यतींसाठी छतं उतरवायला सुरुवात केली, ती १९३२ च्या फोर्डसारख्या गाड्यांवर, आणि त्या गाड्यांच्या काचा सपाट होत्या. वारा कमी अडावा हा हेतू होता, सौंदर्य नंतर आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फुगीर अंगाच्या गाड्यांची पाळी आली आणि काम अवघड झालं. बॅरिस बंधूंनी १९५२-५३ मध्ये घडवलेली ‘हिरोहाता मर्क’ ही १९५१ ची मर्क्युरी या प्रकारातली सर्वांत गाजलेली गाडी. तिचं छत पुढे कमी आणि मागे जास्त उतरवलेलं आहे, त्यामुळे मागचा उतार लांबलचक वाहत जातो. दरवाजांमधला मधला पिलरही काढून टाकला होता, म्हणजे बाजूच्या काचांचा सगळा हिशेबच नव्याने मांडावा लागला.

तिरके पिलर असले की काय होतं, ते कागदावर दोन रेघा मारून पाहिलं तरी कळतं. पिलर वर जाताना आत कलतो आणि मागेही कलतो. मधला तुकडा काढला की वरचं तोंड खालच्या तोंडापेक्षा आत आणि मागे पडतं. मग एक तर छत मधोमध चिरून पट्टी घालून लांब-रुंद करा, नाहीतर पिलर मुळापासून जास्त झुकवा. दुसरा मार्ग निवडला तर पुढची काच न कापताच वापरता येते, कारण तीच काच जास्त आडवी केली की तिची उभी उंची आपोआप कमी होते. समजा काचेची उतारावरची लांबी ७०० मिलिमीटर आहे आणि ती जमिनीशी ६० अंशांत उभी आहे. उभी उंची साधारण ६०६. तीच ५० अंशांवर झुकवली तर उंची ५३६ होते. सत्तर मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन इंच, एकही चीर न देता मिळाले. छताची पुढची कड मात्र सुमारे १०० मिलिमीटर मागे सरकते, म्हणजे छत तेवढं आखूड करावं लागतं आणि डोक्याची जागा दोन्ही बाजूंनी कमी होते. शिवाय काच जितकी आडवी तितका उजेड जास्त परावर्तित होतो, आतल्या डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेवर पडतं, आणि रात्री समोरच्या दिव्याची एकावर एक दोन बिंबं दिसू लागतात. वायपरही नव्या उताराला जुळवून घ्यावे लागतात. तिसरी एक जुनी युक्ती म्हणजे काच न कापता तिची खालची कड बॉनेटमागच्या पत्र्यात खोल बसवणं. दिसायला साफ, पण पाणी साचायला नवी खोबण तयार होते आणि दोन पावसाळ्यांत तिथे गंज धरतो.

या सगळ्यातून निघणारा माझा कौल सरळ आहे: गाडीला काच शोधण्यापेक्षा काचेला गाडी जुळवावी. बाजारात सहज मिळणारी, कमी उंचीची, शक्य तितकी सपाट काच आधी विकत घ्यावी, समोर ठेवावी, आणि मग छत त्या मापाला उतरवावं. मारुती जिप्सीची पुढची काच जवळपास सपाट आहे, जुन्या जीपची तर पूर्ण सपाट. असं केलं की कधी तरी खडा लागून काच गेली तर दुकानात जाऊन दुसरी मिळते. खास कापून घेतलेली वक्र काच फुटली तर सगळं रामायण पहिल्यापासून. ओरिजिनल मापाच्या काचांचेसुद्धा हाल असतात, तर कापलेल्यांचं काय सांगावं. टेल्कोने पुण्यात १९९१ मध्ये काढलेल्या टाटा सिएराच्या मागच्या बाजूला छताकडे वळलेली मोठी, न उघडणारी काच होती. तीच त्या गाडीची ओळख. आज जुनी सिएरा जपणाऱ्याला इंजिनाच्या सुट्या भागांपेक्षा ती एक काच जपावी लागते.

बाजूच्या काचांसाठी उत्तर आपल्याच रस्त्यावर पूर्वीपासून आहे. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, गेली. घोडनदीवरचं शिरूर त्याच रस्त्यावर. लाकडी सांगाड्याची ती गाडी होती आणि तेव्हापासून बसच्या बॉडी बांधणाऱ्यांनी एक शहाणपण सोडलेलं नाही: खिडकीची चौकट सरळ रेघांची ठेवायची आणि काच सपाट. दापोडीच्या वर्कशॉपपासून गावच्या बॉडीवाल्यापर्यंत सगळ्यांना हे माहीत आहे. ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये दोन अर्ध्या काचा, एकमेकींवरून सरकणाऱ्या. उतरवलेल्या छताच्या दरवाजात हीच रचना घातली तर काच वर-खाली करणारं मशीन लागत नाही, दरवाजाच्या पोटात जागा लागत नाही, आणि फर्मा नेऊन दिला की सपाट भट्टीत टफन्ड काच होऊन मिळते. सौंदर्यवादी नाक मुरडतील, मुरडू द्यावं. खाली जाणारीच काच हवी असेल तर एक गोष्ट तपासावी. मूळ दरवाजाची काच बहुधा किंचित गोलाईची असते आणि रबरी वाटेतून त्याच गोलाईत खाली उतरते. नवी सपाट काच तिथे घातली तर अर्ध्यात अडकते. म्हणजे वाटही बदलायची, मशीनचा कोनही. कामाचा एक फायदा असा की काच आखूड झाल्यामुळे ती दरवाजात पूर्ण मावते.

फर्मा हा यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा. पुठ्ठ्याचा फर्मा काढून भट्टीवर पळणारे लोक पुन्हा फेऱ्या मारतात. पुठ्ठा दबतो, रबरात वाकतो आणि खोटं माप सांगतो. तीन-चार मिलिमीटरच्या प्लायवूडचा किंवा हार्डबोर्डचा फर्मा कापावा, प्रत्यक्ष रबर लावून चौकटीत बसवावा, आणि गाडी चार चाकांवर, सगळं वजन खाली टाकून उभी असताना तपासावा. जॅकवर टांगलेल्या गाडीची चौकट तिरकी झालेली असते. दरवाजे उघडे ठेवून आणि बंद करून दोन्ही वेळा पाहावं. काच चौकटीवर टेकवली की चारही कोपरे एकदम टेकले पाहिजेत. एक कोपरा दोन मिलिमीटर उचललेला असेल तर तो दाबून बसवणं म्हणजे तड्याची तारीख ठरवणं. कापून जोडलेल्या पिलरवर चौकटीची कड सरळ नसणं हेच बहुतेक फुटलेल्या काचांचं खरं कारण असतं आणि दोष मात्र काचेवर जातो. वेल्डिंगची सगळी कामं संपून, कड घासून, प्रायमर लागल्याशिवाय काच शेडमध्ये आणूच नये. ठिणगी काचेवर पडली की वितळलेला लोखंडाचा कण आत रुतून बसतो आणि तो डाग कधीच निघत नाही.

बसवण्याच्या रीती दोन. जुनी रबराची. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या आतल्या खाचेत सुतळी गुंडाळून तिची दोन टोकं खाली मध्यावर एकमेकांवर येतील अशी सोडायची, साबणाचं पाणी लावायचं, आणि काच बाहेरून चौकटीवर टेकवायची. बाहेरचा माणूस तळहाताने हळूहळू ठोकतो, आतला सुतळी ओढत जातो, आणि ओढीबरोबर रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर चढत जातो. दोघांची लय जुळलेली असली तर काम मिनिटांचं. पण रबर ज्या जाडीच्या पत्र्यासाठी केलेलं, तेवढीच जाडी कडेला हवी. दोन पत्रे आणि त्यावर वेल्डची रेघ असली की ओठ चढतच नाही. उतरवलेल्या छताच्या गाडीला मी हीच रीत सुचवीन, कारण रबर थोडा वाकडेपणा पोटात घालतं आणि काच पुन्हा काढताही येते.

नवी रीत पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या डिंकाने, चिकटवण्याची. ती सुबक दिसते, पण तिच्यामागे वेगळंच शास्त्र आहे. आजच्या गाड्यांत पुढची काच हा सांगाड्याचाच भाग असतो; गाडी उलटली तर छत पेलायला ती हातभार लावते आणि शेजारच्या सीटची एअरबॅग फुगताना तिचाच आधार घेते. पिलरमध्ये उष्णतेने कडक केलेलं पोलाद असतं, ते कापून वेल्ड केलं की जोडापाशी त्याची ताकद जाते. छताच्या कडेला पडदा एअरबॅग गुंडाळलेली असते. अशा गाडीचं छत उतरवणं म्हणजे तिची सगळी सुरक्षा उसवून वर नवी काच चिकटवणं. कुणी कितीही सफाईने केलं तरी मी त्या गाडीत बसणार नाही.

पुणे जिल्ह्याच्या या भागात खरोखर दिसणारं ‘उतरवलेलं छत’ मात्र मोटारींवर कमी आणि जीपवर जास्त आहे. वडापच्या काळात इथल्या रस्त्यांवर महिंद्राच्या कमांडर आणि आकुर्डीला तयार होणाऱ्या टेंपो ट्रॅक्स धावायच्या, ताडपत्री किंवा रेक्झिनच्या हुडाखाली मावतील तितकी माणसं घेऊन. त्यातल्या उरलेल्या गाड्या आणि जुन्या जीप आता हौसेने नव्या केल्या जातात. हूड काढून पत्र्याचं किंवा फायबरचं कडक छत चढवलं जातं, आणि ते मुळातल्या हुडापेक्षा मुद्दाम बुटकं ठेवलं जातं. पुढची काच चौकटीसकट वेगळी आणि सपाट असल्यामुळे चौकटच आखूड करून नवी सपाट लॅमिनेटेड काच बसवणं इथे सर्वांत सोपं. कारखान्यानेही हे एकदा केलेलं आहे. विलीजची सीजे-३बी, जिच्यावरून महिंद्राने वर्षानुवर्षं जीप केल्या, तिला उंच इंजिनामुळे उंच बॉनेट द्यावं लागलं आणि पुढच्या काचेची चौकट आखूड झाली. आपल्याकडच्या जुन्या उंच बॉनेटच्या जीपचा तो ठेंगणा चेहरा तिथून आलेला आहे.

जीपबद्दल कायद्याचीही एक वेगळी वाट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०० सांगतो की ट्रॅक्टर वगळता प्रत्येक गाडीच्या पुढच्या आणि खिडक्यांच्या काचा सेफ्टी ग्लासच्या किंवा सेफ्टी ग्लेझिंगच्या हव्यात. पण तीनचाकी आणि हूड-साइड कव्हर असलेल्या गाड्यांच्या खिडक्यांना ॲक्रिलिक किंवा पारदर्शक प्लास्टिक चालतं. हूड काढून कडक छत बसवलं की ही सवलत कोणत्या तोंडाने मागणार? पुढच्या काचेला तर ती कधीच नव्हती. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जायला हवा. याच नियमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये काळ्या फिल्म बंद केल्या. छत उतरवलं की खिडक्या आधीच चिंचोळ्या होतात. त्यावर गडद काच घालणाऱ्याला अंधारात मागे घेताना काय दिसत असेल, हे त्यालाच ठाऊक.

खरा अडसर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा. निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा फेरफार मालकाने करायचा नाही, हा त्याचा आशय. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात तो कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. शिरूरची गाडी एमएच-१२ ची असो की दौंडची एमएच-४२ ची, हे चुकत नाही. जुनी गाडी आहे, ‘व्हिंटेज’मध्ये नोंदवू, असं कुणी म्हणालं तर त्यातही गंमत आहे. २०२१ च्या व्हिंटेज नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो, पण बॉडी-चासी मूळ रूपात असली तरच. म्हणजे काचेच्या दृष्टीने छत उतरवायला सर्वांत योग्य ती जुनी सपाट काचांची गाडी, आणि छत उतरवताच ती व्हिंटेजमधून बाद. प्रदर्शनात, खासगी ट्रॅकवर, स्वतःच्या शेतात ती खुशाल फिरवावी. रस्त्यासाठी अशी गाडी बांधून देतो म्हणणाऱ्याकडे आधी आरटीओची लेखी परवानगी मागावी, इसार नंतर द्यावा. विमा कंपनीला न सांगितलेला बदल दाव्याच्या वेळी हमखास बाहेर येतो, तेही ध्यानात ठेवावं.

पॉलिकार्बोनेटचा पर्याय हल्ली बराच सुचवला जातो. करवतीने कापता येतं, सहज वाकवता येतं, फुटत नाही. शर्यतीच्या गाड्यांत ते योग्यच आहे. आपल्या नगर रोडच्या धुळीत मात्र कोरड्या फडक्याने चार वेळा पुसलं की त्यावर जाळं धरतं आणि समोरचे दिवे पसरून दिसतात. पुढच्या काचेऐवजी ते वापरणं बेकायदा आणि वेडेपणाचंही.

राहता राहिला ट्रॅक्टर. छत उतरवण्याची हौस पुरवणाऱ्या गाड्या दोन तालुक्यांत मिळून मोजक्याच निघतील. ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या केबिनी मात्र हंगामात न्हावऱ्यापासून पाटसपर्यंत साखर कारखान्यांच्या रस्त्यावर रांगेने दिसतात. अँगल आणि पत्र्याची, ड्रायव्हरच्या डोक्याला टेकेल इतक्या बुटक्या छताची केबिन स्थानिक वेल्डर बांधतो आणि चारी बाजूंनी काच लावतो. नियम १०० मध्ये ट्रॅक्टर वगळलेला आहे, म्हणून इथे कुणी काही विचारत नाही, आणि मग घराच्या खिडकीची साधी चार मिलिमीटर काच हिऱ्याने कापून सिलिकॉनने चिकटवली जाते. स्प्रिंग नसलेला मागचा धुरा, भरलेल्या ट्रॉल्यांचे हिसके, खडबडीत शेतरस्ता: साधी काच यात टिकत नाही, आणि फुटते तेव्हा सुऱ्यासारखे लांब तुकडे ड्रायव्हरच्या मानेशी पडतात. काम तेच, माप तेच, सपाट काच तीच; फक्त फर्मा भट्टीवर नेऊन ती टफन्ड करून आणायची आणि पुढची लॅमिनेटेड घ्यायची. काचेला चौकटीवर थेट न टेकवता रबराच्या पट्टीत बसवायचं, कोपरे काटकोनात न कापता थोडे गोल ठेवायचे, मागची काच हुक बघण्यापुरती उघडणारी करायची. ट्रॅक्टर कंपनीने दिलेली, उलटल्यावर ड्रायव्हरला वाचवणारी कमान असेल तर बुटक्या छतासाठी ती कापू नये, छतच तिच्या वर न्यावं. मोळी टाकायच्या आधी, सप्टेंबरात, भट्टीवाल्यांकडे गर्दी नसते. माप तेव्हाच नेऊन द्यावं.